आवर्ती संख्यांचें सर्वधन

मुलगा बेरजेस कंटाळला कीं त्यास मंदबुद्धि ठरविण्याची आपल्या घरांतून फार घाई होते. परंतु शंभर आंकडे एकाखालीं एक मांडून मिळवावयास सांगितल्यास कंटाळणें हें पुष्कळदां बुद्धीचेंच लक्षण असतें. त्या आंकड्यांत कांहीं क्रम आहे काय, हें पाहण्यास त्यास कोणीं शिकविलें, हा खरा प्रश्न होय.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर (१९०५–१९८६) ह्यांनीं शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्याच नांवानें ओळखिली जाते. त्यांची रीत दोन अंकी संख्येस लावून पाहावी. अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडावे, आणि मोठ्या संख्येंतून लहान वजा करावी. ९० मधून ०९ गेले, ८१ उरले. ८१ मधून १८ गेले, ६३. ६३ मधून ३६ गेले, २७. ७२ मधून २७ गेले, ४५. ५४ मधून ४५ गेले, ०९. पुढें पुन्हां ८१! हें रहाटगाडगें अखंड फिरत राहतें. दोन्ही अंक सारखे नसलेली कोणतीही दोन अंकी संख्या घ्या, फार तर दोन वजाबाक्यांत ती ह्याच चक्रांत येऊन पडते.

आतां ८१ पासून आरंभ करून पहिल्या १०३ पदांची बेरीज किती? एका फेऱ्याची बेरीज २२५. १०३ ला ५ नीं भागिलें असतां भागाकार २०, बाकी ३. वीस फेऱ्यांचे ४,५००, उरलेलीं तीन पदें ८१, ६३ व २७ मिळून १७१, एकूण ४,६७१. चूक होते ती बाकीपाशीं. कोणी ती विसरतो, तर कोणी सरासरीनें तीन वेळां ४५ धरून १३५ च मिळवितो. चक्र कोठून सुरू झालें हें ध्यानांत ठेवल्यावांचून बाकीचें मोल ठरत नाहीं.

२२५ देखील आंधळेपणानें मिळवावयास नकोत. पदें चढत्या क्रमानें लावा : ९, २७, ४५, ६३, ८१. भास्कराचार्यांनीं 'लीलावती'मध्यें (इ. स. ११५०) सांगितलेली श्रेढी ती हीच. आदि ९, चय १८, गच्छ ५; मध्यधन ४५, त्यास गच्छानें गुणिलें कीं सर्वधन २२५. पदांचा क्रम बदलल्यानें बेरीज बदलत नाहीं, म्हणून आठशेंहून अधिक वर्षांपूर्वींची ही रीत येथें नेमकी उपयोगी पडते.

आमच्या वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्यें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरली, आणि हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण द्यावें हा विचार देशापुढें आला. हातांनीं केलेलें डोक्यांत उतरतें, हें त्यांतील मर्म. पाटीवरची वजाबाकीही त्याच जातीची आहे. यंत्र ४,६७१ हें उत्तर क्षणांत देईल; क्रम स्वतः सांपडल्याचा आनंद मात्र तें देऊं शकणार नाहीं.

तिन्ही अंक सारखे नसलेली एखादी तीन अंकी संख्या घेऊन घरांतील मुलामुलींनीं हाच प्रयोग करावा, व ती अखेर कोठें स्थिरावते हें शोधावें. वडील मंडळींनीं उत्तर आधीं सांगूं नये, एवढीच विनंति.