अष्टमीची भरती

आमच्या यवतमाळ जिल्ह्यास समुद्र नाहीं, हें वाचकांस सांगावयास नको. दक्षिणेस पैनगंगा आणि पूर्वेकडे वर्धा; त्यांचें पाणी प्राणहितेच्या व गोदावरीच्या वाटेनें जातें तेंही बंगालच्या उपसागरांत. पश्चिम समुद्राकडे आमच्याकडून गेला तो कापूस. यवतमाळ–मूर्तिजापूर ही 113 किलोमीटरांची अरुंद रुळांची 'शकुंतला' 1903 सालीं धांवूं लागली ती मुख्यतः त्याच्यासाठीं. ती गाडी आतां धांवत नाहीं. परंतु एके काळीं आमच्या शिवारांतील कापूस तिच्यांतून मूर्तिजापुरास, तेथून मुंबईस आणि पुढें जहाजानें मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जात असे. कापसानें समुद्र पाहिला. कापूस पिकविणाऱ्यांनीं आणि त्याचे हिशेब लिहिणाऱ्या आमच्या आजोबांसारख्यांनीं मात्र तो बहुधा पाहिलाच नाहीं.

अशा घरांत समुद्राची गोष्ट निघाली ती आमच्या पुतणीमुळें. अभियांत्रिकीचें शेवटचें वर्ष संपतांच आपण नौदलासाठीं अर्ज करणार, असें तिनें एके रात्रीं जेवणाच्या पंक्तींत जाहीर केलें. आमच्या मातोश्रींचें वय 84. त्यांनीं ताट बाजूस सारलें आणि एवढेंच म्हटलें, "जिथं पाय टेकायला जमीन नाही, तिथं आपल्या घरची पोर जायची नाही."

थोरल्या बंधूंनीं मातोश्रींच्या बाजूनें शास्त्र काढलें. बौधायनानें आपल्या धर्मसूत्रांत समुद्रयानाची गणना पातकांत केली आहे, हें खरें. परंतु उत्तरेकडील लोक समुद्रयान करीत असत, ही नोंदही त्याच सूत्रांत आहे, असें पुतणीनें त्यांस नम्रपणें दाखवून दिलें. आनंदीबाई जोशी 1883 सालीं अमेरिकेस गेल्या त्या समुद्रावरूनच, याचीही आठवण दिली. मग तिनें अलीकडचे दाखले मांडले. नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनीं 2009–10 मध्यें एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 56 फुटी 'म्हादेई' गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधली गेली. त्याच कारखान्यांतील 'तारिणी' घेऊन वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं 6 स्त्री-अधिकारी 10 सप्टेंबर 2017 रोजीं गोव्याहून निघाल्या आणि 21 मे 2018 रोजीं परतल्या. पुढें 2024–25 मध्यें तीच प्रदक्षिणा दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनींच पुरी केली.

मातोश्रींनीं सर्व ऐकून घेतलें. शेवटीं आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तू हिला घेऊन एक दिवस त्या होडीत बसून ये. जे घडेल ते मला जसंच्या तसं सांग. तिखटमीठ नको आणि लपवालपवीही नको. मग बघू."

माघ शुद्ध अष्टमी, म्हणजे रथसप्तमीचा दुसरा दिवस ठरला. तो आम्हीं निवडला नव्हता, तांडेलानें निवडला होता. मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा असा: पक्षांतील तिथीच्या अंकास पाऊणनें गुणावें, जें उत्तर येईल तितक्या वाजतां भरती. आठाची पाऊणकी सहा. म्हणजे सकाळीं सहाच्या सुमारास भरती, दुपारीं बाराच्या सुमारास ओहोटीचा तळ, पुन्हां सायंकाळीं भरती. जातांना ओहोटी बाहेर नेईल आणि येतांना भरती घरीं आणील. शिवाय अष्टमीचें पाणी भांगाचें. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखें जोरकस नव्हे. नवशिक्यांस तें बरें.

अपोलो बंदराजवळ आमची नौका उभी होती. सुमारें 25 फूट लांब, एक डोलकाठी, दोन शिडें: मागें मोठें आणि पुढें लहान. माणसें चार: सुकाणूवर तांडेल, मोठ्या शिडाकडे त्याचा तरुण सोबती, आणि पुढच्या शिडाच्या दोन दोऱ्या आम्हां काका-पुतणीकडे. "इथं पाहुणा कोणी नाही," तांडेल म्हणाला, "ज्याच्या हातात दोरी, त्याचं काम." अंगावर तरंगजाकिटें चढवून सातच्या आधींच आम्ही निघालों.

रात्रीं जमीन पाण्यापेक्षां लवकर थंड होते, म्हणून पहांटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हाच मतलई वारा. तो ईशान्येकडून येत होता आणि आम्हांस दक्षिणेस मांडव्याकडे जावयाचें होतें; म्हणजे वारा डाव्या बाजूनें. नौका किंचित् उजवीकडे कलली आणि इंजिनाचा आवाज नसतांना चालूं लागली. ऐकूं येत होती ती फक्त नाळेखालीं पाण्याची सळसळ. उजवीकडे कुलाबा मागें पडला, त्याच्या टोकास 1875 सालचें प्राँग्ज दीपगृह दिसूं लागलें. डावीकडे उरणजवळचा करंजाचा डोंगर, आणि मध्यें नांगर टाकून उभीं असलेलीं मालवाहू जहाजें. मांडवा तेथून सात-आठ सागरी मैल. दूर दक्षिणेस क्षितिजावर दोन ठिपके होते, खांदेरी आणि उंदेरी. शिवछत्रपतींनीं 1679 सालीं मुंबईच्या इंग्रजांच्या नाकावर टिच्चून जें बेट तटबंदीनें बळकट केलें, तेंच हें खांदेरी. तें पाहून मन भरून आलें. मात्र पोटाची स्थिति निराळी होती.

कारण दहाच्या सुमारास वारा पडला. मतलई सरला होता, खारा वारा अद्यापि उठला नव्हता. शिडें ओल्या धोतरासारखीं लोंबूं लागलीं. नौका पुढें जाईना, परंतु लाटेवर डुलणें सोडीना. आम्हांस मळमळूं लागलें. "दोरीकडे बघू नका, क्षितिजाकडे बघा," तांडेलानें सांगितलें. तसें केल्यानें थोडें बरें वाटलें. पुतणी मात्र मोठ्या शिडाच्या गांठी शिकत बसली होती. दोन तास ओहोटीनें नेलें तितकेंच आम्ही गेलों. समुद्रावर जाण्याचा पुष्कळसा भाग वाट पाहण्याचा असतो, हें कोणत्याही पुस्तकांत इतकें स्पष्ट वाचलें नव्हतें.

दुपारीं एकच्या सुमारास वायव्येकडून पाण्यावर काळसर रेघ आली, आणि पाठोपाठ खारा वारा. आतां घर होतें त्याच दिशेनें वारा येत होता. वारा पाठीशीं असेल तरच शिडाची नौका चालते, अशी आमची समजूत होती. ती खोटी ठरली. फुगलेल्या शिडाच्या दोन बाजूंनीं वारा निरनिराळ्या गतीनें वाहतो, त्यामुळें दाबांत फरक पडतो आणि शीड नौकेस ओढतें. तिनें आडवें घसरूं नये म्हणून तळाखालीं जड पंखासारखा भाग असतो, त्यास कील म्हणतात. या दोहोंमुळें नौका वाऱ्याच्या तोंडाशीं सुमारें 45 अंशांचा कोन धरून पुढें जाते. थेट वाऱ्यांत मात्र तिला जातां येत नाहीं. म्हणून एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे अशी नागमोडी वाट काढावी लागते. प्रत्येक वळणावर पुढच्या शिडाची एक दोरी सोडावयाची आणि दुसरी ओढावयाची. सोडणें आमच्याकडे असे तेव्हां ओढणें पुतणीकडे, आणि पुढच्या वळणास उलट.

चार वळणें नीट झालीं. पांचवें मोठ्या जहाजांच्या मार्गाजवळ आलें. एक मालवाहू जहाज बंदराकडे येत होतें. अरुंद मार्गांत 20 मीटरांहून लहान नौकेनें अशा जहाजाची वाट अडवूं नये, असा नियम आहे. म्हणून तांडेलानें आधींच वळण घेतलें. ओढण्याची पाळी आमची होती. दोरी ओली, हात थकलेले, आणि आमचें लक्ष जहाजाकडे, दोरी सुटली. शीड फडफडूं लागलें, नौकेचें तोंड बरोबर वाऱ्यांत अडकलें आणि ती थांबली. जहाजानें पांच आंखूड भोंगे दिले. 'तुमचा हेतु कळत नाहीं,' असा त्यांचा अर्थ, हें आम्हांस मागाहून कळलें. पण त्या क्षणीं तो आपोआपच समजला.

"शीड उलट धरा!" तांडेल ओरडला. आम्ही दोरी शोधीत होतों. पुतणीनें गुडघ्यांवर पुढें सरकत शिडाचा कोपरा दोन्ही हातांनीं वाऱ्याच्या बाजूस ओढून धरला. वारा शिडाच्या उलट्या अंगीं भरला, त्यानें नाळ बाजूस ढकलली, नौका दुसऱ्या कुशीवर कलली आणि चालूं लागली. जहाज बऱ्याच अंतरावरून निघून गेलें. त्याच्या लाटांनीं आम्हांस हेलकावलें इतकेंच. तांडेल रागावला नाहीं. त्यानें दोरी उचलून पुन्हां आमच्याच हातीं दिली. सायंकाळीं भरतीच्या पाण्याबरोबर आम्ही बंदरास लागलों.

परतीच्या गाडींत आमच्या मनांत आलें, कीं हा प्रसंग गाळावा. मातोश्री घाबरतील आणि मुलीचें नुकसान होईल. पुतणीस विचारिलें. ती म्हणाली, "काका, तो गाळून मिळालेली परवानगी मला नको."

म्हणून सर्व सांगितलें. मळमळ, भोंगे आणि सुटलेली दोरीसुद्धां. मातोश्री बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीं विचारिलें, "दोरी कोणाच्या हातातून सुटली?"

"माझ्या, आई."

"आणि शीड कोणी धरलं?"

आम्हीं पुतणीकडे बोट दाखविलें. त्या "बरं" म्हणून उठल्या आणि देवघरांत गेल्या. त्या रात्रीं आणखी कांहीं बोलणें झालें नाहीं. भीति गेली असें त्या आजही म्हणत नाहींत. आणि समुद्र निर्धोक आहे असें आम्हांसही म्हणवत नाहीं.

अर्ज गेला आहे. निवड होईल कीं नाहीं, हें परीक्षेवर अवलंबून. परंतु आतां रोज सकाळीं चहाच्या वेळीं मातोश्री भिंतीवरचें पंचांग पाहतात आणि लहानपणीं पाठ केलेल्या पाऊणकीनें मनाशीं हिशेब करतात. परवां पुतणी अभ्यासास बसली होती, तिच्यापुढें दुधाचा पेला ठेवून त्या म्हणाल्या, "आज तृतीया. सव्वादोनला भरती."