तिसऱ्या मजल्यावरचा दिवा

आमची वाशीची इमारत आता पडणार. पुनर्विकास ठरला, सह्या झाल्या आणि एकेक बिऱ्हाड हलू लागले. जन्मभर बँकेत दुसऱ्यांच्या घरांचे तारण लिहून घेतले. स्वतःचे घर मात्र कुठल्याच खात्यात जमा करून ठेवता येत नाही, हे आता कळले. म्हणून पुठ्ठा, कटर आणि फेव्हिकॉल घेऊन इमारतीची प्रतिकृती करायला बसलो. प्रमाण पन्नासास एक. तळमजला, वर तीन मजले, सोळा घरे, सोळा खिडक्या.

प्रत्येक खिडकीत दिवा हवाच होता. पण बोटे आता थरथरतात. सोल्डरिंगच्या पहिल्याच डागात दुसऱ्या मजल्याची गॅलरी जळाली. तेव्हा नातीने शाळेच्या प्रकल्पातून उरलेली काळ्या रंगाची नळी पुढे केली. म्हणाली, "आजोबा, ही वायर. ब्रशने काढायची!"

रंगात कार्बनचे बारीक कण असतात. ओला असताना तो जेमतेम वीज नेतो. पाणी उडून गेले, कण एकमेकांना टेकले, की वाट मोकळी होते. लंडनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या 'बेअर कंडक्टिव्ह' या कंपनीने असा रंग घरोघरच्या हौशी लोकांपर्यंत नेला. चांदीच्या शाईची पेनेही मिळतात. त्यांची रेघ कितीतरी सुलभ वीज नेते, पण चांदी ती चांदीच. पेन्शनरने जपून वापरावी.

मी उत्साहाने तळापासून गच्चीपर्यंत दोन काळ्या रेघा ओढल्या आणि त्यांवर सोळा एलईडी बसवले. लांब पाय धनाकडे, आखूड ऋणाकडे. सेल जोडले. तळमजला उजळला, पहिला मजला मिणमिणला आणि वरचे दोन अंधारात. तिसऱ्या मजल्यावर आमचे घर!

मग हिशेबाला बसलो. या रंगाच्या पातळ थराचा विरोध चौरसागणिक सुमारे ५५ ओहम. रेघ अर्धा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब असेल, तर तिच्यात वीस चौरस बसतात; म्हणजे ११०० ओहम. जायची एक रेघ, यायची एक, एकूण २२००. वाटेतच इतकी कपात झाल्यावर शेवटच्या खातेदाराच्या हाती काय पडणार?

उपाय नातीनेच सुचवला. खालून वर जाणारे दोन हमरस्ते तांब्याच्या चिकटपट्टीचे केले आणि प्रत्येक खिडकीपुरती पाच सेंटिमीटरची काळी रेघ ठेवली. तिच्यात दहा चौरस, ५५० ओहम. सहा पेन्सिल सेलचे नऊ व्होल्ट. पांढरा दिवा तीनेक घेतो, उरलेले सहा त्या रेघेवर खर्च होतात. दिव्याला अकरा मिलिअँपिअर मिळतात आणि तो जळतही नाही. रंगाचा जो दोष होता, तोच आता राखणदार झाला. घरी कोणी करून पाहणार असेल, तर एवढेच सांगतो : हे खेळ सेलवरचे. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या जवळपासही हा रंग नेऊ नये. आणि रंगवलेला पुठ्ठा दुमडू नये, रेघ तडकते.

पंधरा दिवे एका बटणावर घेतले. सोळाव्याला, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला, वेगळी वाट आणि वेगळे बटण दिले. नातीने कारण विचारले.

वाशीला रेल्वे आली १९९२ साली. त्याआधी मी खाडीपुलावरून बसने येत असे. ३१ मार्चला, बँकेच्या वर्षअखेरीला, मध्यरात्र उलटून जाई. स्टॉपवरून वळलो की सगळी इमारत झोपलेली आणि तिसऱ्या मजल्यावर एकच दिवा. तिची आजी जेवायची थांबलेली असे. तिला जाऊन पाच वर्षे झाली.

नात काही बोलली नाही. संध्याकाळी निरोपाची मंडळी प्रतिकृती पाहायला जमली. जो तो आपापल्या खिडकीवर बोट ठेवून पाहत होता. सगळे गेल्यावर तिने खोलीतली ट्यूब बंद केली, मग पंधरा दिव्यांचे बटण. सोळाव्या बटणाला तिने हात लावला नाही.

"असू दे, आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही अजून जेवला नाहीत."