लॉन खराब झालंय? रेट सांगण्याआधी चाकाची वाट बघा!

बागकामाच्या व्यवसायात उतरताय? मग पावसाळ्यात हा फोन तुम्हाला येणारच: "अहो, बंगल्यातलं लॉन गाडीनं पार चिरडलंय, नवीन टाकून द्या." नवखा माणूस काय करतो? टेप लावतो, चौरस फुटाचा रेट सांगतो, नवीन लॉन अंथरून पैसे घेतो. काही आठवड्यांत तिथेच पुन्हा चाकोऱ्या! ग्राहक दोष गाडीला देत नाही, तुम्हाला देतो. शेजाऱ्यालाही सांगतो. एक काम मिळालं, पुढची चार गेली.

नुकसान कुठे होतं?

वरची पाती चिरडली तरी पुन्हा फुटतात. खरी अडचण खालच्या मातीत आहे. कारच्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआय हवा असते आणि जमिनीवरचा दाबही जवळपास तेवढाच पडतो. म्हणजे दर चौरस इंचावर १३-१४ किलो! त्यानं मातीतल्या पोकळ्या मिटतात. मग पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. माती ओली असेल तर ती जास्तच दबते. म्हणून पावसाळ्यात एकच फेरीही महागात पडते.

तपासायला एक लांब स्क्रूड्रायव्हर पुरे. चांगल्या भागात तो सहज घुसतो, चाकाखालच्या भागात अडतो. हे ग्राहकाच्या हातानेच करून घ्या. समजावत बसावं लागत नाही.

काम कसं करायचं?

१. गाडीची वाट बघा. मालकांना गाडी आत-बाहेर करायला सांगा. वळताना मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं, म्हणून कोपरा आधी जातो. पाण्याचा टँकर, गॅसची गाडी येते का, तेही विचारा.

२. चाकाला पक्की जागा द्या. चाकांखाली दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या, मध्ये हिरवळ. २० फूट लांबी धरली तर काम फक्त ८० चौरस फुटांचं. खाली मुरूम-खडी नीट ठोकून वर फरशी किंवा ग्रास पेव्हर. टँकर येत असेल तर पायाचं काम जाणत्या सिव्हिल कंत्राटदाराला विचारूनच करा.

३. कडेला अडथळा ठेवा. दगड किंवा कुंडी ड्रायव्हरला दिसेल एवढी उंच हवी. बुटका दगड रिव्हर्समध्ये दिसत नाही. बंपर फुटला की बोल तुम्हालाच! आणि हे सगळं कंपाउंडच्या आतच. बाहेरची जागा रस्त्याची असते.

४. मग माती मोकळी करा. वाफसा आल्यावर गार्डन फोर्कने भोकं पाडा, त्यात वाळू आणि चाळलेलं शेणखत भरा. चाकोरी खोल असेल तर वरून माती लोटू नका. गवताचा थर कापून उचला, खालची माती भुसभुशीत करा, भर घाला आणि थर परत बसवा. हरळीच्या जातीचं गवत धावत्या फांद्यांनी स्वतःच पसरतं. छोट्या जागेला नवीन लॉन लागतही नाही.

कोटेशन कसं द्यायचं?

तीन ओळी वेगळ्या लिहा: वाट बनवणं, माती सुधारणं, गवत लावणं. ग्राहक म्हणाला, "पहिलं नको, फक्त गवत टाका," तर काम घ्या, पण कोटेशनवर स्पष्ट लिहा: "या भागावर गाडी गेल्यास हमी नाही." कामाआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा. दर तुमच्या गावातल्या नर्सरी आणि फरशीवाल्यांकडून घ्या, माझ्याकडून नको.

कधी असंही होईल की गेटजवळ दोन कुंड्या ठेवल्या की प्रश्न मिटतो. तेही सांगून टाका, फक्त व्हिजिटचे पैसे घ्या. पुढच्या वर्षी बाग करायची ठरली की तो माणूस तुम्हालाच फोन करेल.

या आठवड्यात ओळखीच्या एका बंगल्यात जा, स्क्रूड्रायव्हर घेऊन. तिथूनच सुरुवात करा!