सिवाचे पाणी

इजिप्तच्या पश्चिमेस, लिबियाच्या सरहद्दीपासून सुमारे 50 किलोमीटरांवर, समुद्रसपाटीच्याही खाली गेलेल्या विस्तीर्ण सखल भूमीत सिवा हे मरूद्यान वसले आहे. इसवी सनापूर्वी 331 साली, इजिप्तवर नुकताच अंमल बसविलेला अलेक्झांडर वाळवंट तुडवीत येथील अमुन देवतेचा कौल घ्यावयास आला. त्या देवालयाचे भग्नावशेष आगुर्मीच्या टेकडीवर अद्याप उभे आहेत. परंतु तेवढेच पाहून प्रवाशाने परतणे म्हणजे सिवा न पाहणेच होय.

सिवाचे खरे वैभव खजुरीच्या बागांत आहे. सहस्रावधी वर्षांपूर्वी वालुकाश्मात मुरलेले पाणी झऱ्यांवाटे वर येते, पाटांनी बागाबागांतून फिरते, आणि त्याच्या आधारे खजूर व ऑलिव्ह एकमेकांशेजारी वाढतात. खजुरीत नर व मादी वृक्ष निराळे असल्यामुळे मोहोराच्या दिवसांत माणूस शेंड्यापर्यंत चढून नरफुलांचे तुरे मादीच्या मोहोरात खोवतो. या श्रमांवाचून भरघोस पीक हाती लागत नाही. तेव्हा या हिरवाईस निसर्गाची सहज देणगी समजणे हा तिच्या राखणदारांवर अन्याय आहे.

बागांमध्ये उभी असलेली शाली ही गढी तेराव्या शतकात लुटारूंच्या भयाने उभारली गेली. खाऱ्या सरोवरांच्या काठची मीठमिश्रित माती, जिला येथे केर्शेफ म्हणतात, तिच्याच या भिंती. कोरड्या हवेत शतकानुशतके टिकलेल्या, पण 1926 साली तीन दिवस पाऊस कोसळताच मीठ विरघळून खचलेल्या. रहिवाशांनी मग पायथ्याशी बिऱ्हाडे थाटली.

आणि आजचे संकटही पाण्याचेच आहे. या खोलगट भूमीतून पाण्यास बाहेर वाट नाही. गेल्या काही दशकांत विहिरींची संख्या बेसुमार वाढली. शेतांतील अतिरिक्त पाणी सरोवरांत उतरू लागले. कडक उन्हाने त्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते, आणि फुगलेल्या सरोवरांचे खारे पाणी काठच्या बागांच्या मुळांशी पोहोचते. आपल्याकडे कृष्णाकाठी अतिपाण्याने क्षारपड झालेली उसाची राने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही व्यथा निराळी समजावून सांगावी लागणार नाही. खजूर पुष्कळ क्षार सोसते, परंतु तिच्या सहनशक्तीसही मर्यादा आहेच. सिवाला आज नव्या विहिरींहून निचऱ्याच्या चरांची गरज अधिक आहे.