घरच्या दप्तराचें स्थलांतर

दप्तर हा शब्द उच्चारतांच जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढें तांबड्या रुमालांत बांधलेले कागदांचे गठ्ठे उभे राहतात. आमच्या रत्नागिरीच्या घरीं माजघरांतील फडताळांत असे चार रुमाल होते. त्यांत मोडी लिपींतील जमिनीचे कागद, आजोबांचीं पत्रें, लग्नांच्या याद्या व जुन्या छायाचित्रांचें एक पाकीट होतें. ज्या गांवीं वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, त्या गांवीं कागद टिकविणें म्हणजे वाळवी, बुरशी व ओल या तिघांशीं अखंड झगडा करणें होय. म्हणून २०१४ सालीं आम्हीं ते सारे कागद यंत्रानें टिपून घेतले आणि माडीवरच्या एका लहानशा सर्व्हरवर ठेविले. पुढें पुण्याच्या व ठाण्याच्या बिऱ्हाडांतील छायाचित्रेंही तेथेंच येऊं लागलीं. दहा वर्षांत हा संग्रह चारशें गिगाबाइटांपर्यंत वाढला.

२०२४ च्या चैत्रांत तो सर्व्हर कुरकुरूं लागला. दप्तर नव्या यंत्रावर हलविणें भाग पडलें. या कामीं आम्हांस जो अनुभव आला, तो वाचकांच्या घरींही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहों.

जुन्या सर्व्हरवर दररोज रात्रीं संपूर्ण संग्रहाची एक प्रत निघत असे. शेवटच्या तीस दिवसांच्या तीस, गेल्या वर्षाच्या महिनेवार बारा व त्यामागील प्रत्येक वर्षाची एक अशा दहा, मिळून बावन्न प्रती तेथें नांदत होत्या. चारशें गिगाबाइटांच्या बावन्न प्रती म्हणजे, पूर्वींच्या प्रती कांहींशा लहान धरल्या तरी, पंधरा-सोळा टेराबाइट सहज व्हावयास पाहिजेत; पण आमची चकती तर अवघ्या एका टेराबाइटाची, व तींतही सातशें गिगाबाइटच भरलेले! हें कसें?

ज्यांनीं जुन्या वह्या चाळल्या आहेत त्यांस हें कोडें चटकन उलगडेल. कारकून एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहीत नसे. खालच्या ओळींत 'कित्ता' एवढेंच लिही. आमच्या सर्व्हरवरही जी फाइल कालच्यासारखीच आहे तिची नवी नक्कल निघत नसे. आजच्या प्रतींत त्याच वस्तूला आणखी एक नांव जोडलें जाई. जी बदलली किंवा नवी आली तेवढीच खरोखर लिहिली जाई. वहीशीं फरक इतकाच कीं, येथें पहिली नोंद खरी व बाकीचे कित्ते असा भेद नसतो. सारीं नांवें सारख्याच मानाचीं. शेवटचें नांव पुसेपर्यंत वस्तु जात नाहीं.

अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास या दोघांनीं १९९६ सालीं ऑस्ट्रेलियांत सिद्ध केलेली 'आरसिंक' नांवाची आज्ञावली या कामीं जगभर वापरतात. आमच्याकडेही तीच होती. ती मोफत मिळते व उत्तम चालते. पण सांगावें तेवढेंच करते, ही गोष्ट आम्ही विसरलों.

पुण्याहून सुटींत आलेला पुतण्या म्हणाला, "काका, जुन्या प्रती कशाला हव्यात? ताजी एक नेली म्हणजे झालें." आम्हांसही क्षणभर तें पटलें. पण वहिनी म्हणाल्या, "भावोजी, जुन्या वह्या टाकायच्या तर आधीं उघडून पाहायच्या, अशी मामंजींची शिस्त होती. ती मोडूं नका." म्हणून सर्वच प्रती हलविण्याचें ठरलें. चार टेराबाइटांची नवी चकती आणली आणि संध्याकाळीं, नव्यांतल्या नव्या प्रतीपासून आरंभ करून, एकेक प्रत पाठविण्यास लाविली.

दुसरे दिवशीं दुपारीं पाहतों तों नवी चकती भरून गेलेली, आणि दहावी प्रत अर्ध्यावर अडलेली! सातशें गिगाबाइट सामान चार टेराबाइटांच्या कोठारांत मावूं नये, हा प्रकार पाहून आम्ही थक्क झालों. कारण शोधूं जातां दोष सर्वस्वीं आमचा निघाला. नक्कल करणारानें प्रत्येक 'कित्ता'च्या जागीं सबंध मजकूर पुन्हा लिहून काढला होता. एका वस्तूचीं अनेक नांवें असतील तर तीं तशींच राखावीं, अशी स्पष्ट आज्ञा द्यावी लागते, ती आम्हीं दिली नव्हती. शिवाय एकेक प्रत निरनिराळी पाठविली, तर ती आज्ञा देऊनही उपयोग होत नाहीं; कारण एका खेपेंत नेलेल्या नांवांचाच परस्परसंबंध आज्ञावलीस कळतो, मागच्या खेपेचें तिला स्मरण राहत नाहीं.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, बावन्नही प्रती एकाच खेपेंत नेणें. पण लक्षावधि नांवांचें नातें एकदम ध्यानांत ठेवावयाचें म्हणजे यंत्राच्या स्मरणशक्तीवर फार ताण पडतो, आणि आमचें जुनें यंत्र तर आधींच थकलेलें. म्हणून आम्हीं दुसरा उपाय केला. सर्वांत जुनी प्रत प्रथम नेली. मग तिच्या पुढची नेतांना आज्ञा दिली कीं, जें मागच्या प्रतींत तसेंच आहे तें पुन्हा न लिहितां त्यालाच नवें नांव जोडावें. अशी पायरी पायरीनें २०१४ पासून आजपर्यंत वाटचाल केली. तीन रात्री लागल्या. शेवटीं नव्या चकतीवरही सातशेंच्या आसपास गिगाबाइट भरले, तेव्हां जीव भांड्यांत पडला.

पण सामान पोंचलें म्हणजे तें शाबूत पोंचलें असें नव्हे. आमच्या वेदपाठशाळांत पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशीं पठणें कां रचिलीं? तींच पदें उलटसुलट क्रमानें म्हटलीं म्हणजे एक अक्षर ढळलें तरी तें तत्काळ ध्यानांत यावें म्हणून. संगणकांतही अशीच एक युक्ति आहे. प्रत्येक फाइलीवरून गणितानें चौसष्ट अक्षरांची एक खूण काढतां येते. फाइलींत एक बिंदु जरी बदलला तरी ती खूण पार पालटते. आम्हीं दोन्ही ठिकाणच्या खुणा काढून ताडून पाहिल्या, त्या जुळल्या.

याच वेळीं एक गोष्ट उघडकीस आली. प्रत्येक फाइलीचा आकार वर्षवार मांडला असतां एका ओळीवर नजर खिळली. आमच्या आजीनें जात्यावर म्हटलेल्या ओव्या थोरल्या आत्यानें कॅसेटवर भरून ठेविल्या होत्या. त्यांची फाइल २०२१ पर्यंतच्या प्रतींत पूर्ण होती, २०२२ पासून तिचा आकार शून्य! कोणीतरी तिची कांटछांट करूं गेला असेल आणि रिकामीच फाइल जतन झाली असेल. त्यानंतर दररोज रात्रीं त्या रिकामेपणाचीच इमानेंइतबारें नोंद होत होती. मूळ कॅसेट तर २०२० च्या पावसाळ्यांत बुरशीनें गेली होती. केवळ ताजी प्रत आणली असती, तर आजीचा आवाज आमच्या घरांतून कायमचा गेला असता, आणि गेला हेंही कोणास कळलें नसतें. त्या संध्याकाळीं माजघरांत बसून सर्वांनीं त्या ओव्या ऐकल्या. पुतण्या शेवटपर्यंत कांहीं बोलला नाहीं. मग त्यानेंच त्या फाइलीची आणखी एक प्रत काढून वहिनींच्या हातीं दिली.

असा प्रसंग मोठमोठ्या संस्थांवरही येतो. जपानांतील क्योटो विद्यापीठांत डिसेंबर २०२१ मध्यें, प्रती काढणाऱ्या आज्ञावलींतच दोष राहिल्यामुळें, संशोधकांची सुमारें सत्याहत्तर टेराबाइट माहिती पुसली गेली. आणि आपल्या जिल्ह्यांत तर त्याच वर्षीं २२ जुलै रोजीं वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण बुडालें, तेव्हां १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरांत पाणी शिरून ग्रंथ भिजले. २६ जुलै २००५ च्या महापुराचा फटका या ग्रंथालयानें आधींच सोसला होता. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें मिळविलीं, व 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं छापून काढला. जें छापून शंभर घरीं गेलें तें एका घराच्या ओलीनें नष्ट होत नाहीं, हें त्यांतील व्यावहारिक शहाणपण आहे.

यावरून एक इशारा द्यावासा वाटतो. जागा वांचविणाऱ्या बावन्न प्रती दिसावयास बावन्न असल्या, तरी न बदललेली वस्तु चकतीवर एकच असते. तो एक ठिपका खराब झाला कीं, बावन्नही नांवें निकामी होतात. म्हणून एका यंत्रावरील प्रतींवर विसंबूं नये. निदान एक संपूर्ण प्रत निराळ्या यंत्रावर व आणखी एक निराळ्या गांवीं असावी. आमची तिसरी प्रत आतां ठाण्याच्या बिऱ्हाडीं गेली आहे. दर वर्षीं एखादा दिवस नेमून जुन्या प्रतींतील दहा-वीस फाइली उघडून पाहाव्या. न उघडलेली प्रत म्हणजे न वाजविलेला रुपया. आणि नवें यंत्र लागलें म्हणून जुनें लगेच मोडींत काढूं नये.

आमचा जुना सर्व्हर अजून माडीवर, फडक्यांत गुंडाळून ठेविलेला आहे. एक पावसाळा नव्या यंत्रानें सुखरूप काढला. दुसराही काढूं दे, मग त्याला निरोप देऊं, असें वहिनींचें म्हणणें आहे, आणि या बाबतींत घरांत आतां कोणी त्यांचा शब्द मोडीत नाहीं.