हाडांवरील चऱ्यांची साक्ष

भोपाळच्या कोलार रोडवरील नव्या वसाहतींपासून आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटर गेले, की भीमबेटकाचे शैलाश्रय लागतात. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली ते प्रकाशात आणले. तेथील भिंतींवर शिकारीची चित्रे आहेत. परंतु शिकार पडल्यावर पुढे काय झाले, हे समजण्यास हाडांकडेच वळावे लागते. नर्मदेकाठी होशंगाबादजवळच्या आदमगड येथे १९६१ साली उत्खनन झाले, तेव्हा गारगोटीच्या चिमुकल्या पात्यांसमवेत सांबर, चितळ, ससा, साळिंदर अशा प्राण्यांची हाडे मिळाली.

हत्यार आणि हाड एका थरात सापडले, म्हणजे त्या हत्याराने तो प्राणी कापला असे सिद्ध होते काय? मुळीच नाही. हाडे तरसानेही आणलेली असू शकतात. म्हणून अभ्यासक हाडांवरील चरे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. दगडी पात्याचा चरा अरुंद आणि तळाशी निमुळता असतो. पात्याची धार खडबडीत असल्याने त्याच्या आत लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेघा उमटतात. मांसभक्षक प्राण्याच्या दाताची खूण रुंद व पन्हळीसारखी गोल तळाची असते. साळिंदर हाड कुरतडते, तेव्हा सपाट तळाच्या खाचा जवळजवळ उठतात. जनावरांच्या खुरांखाली वाळूत घासलेल्या हाडांवर उथळ ओरखडे वाटेल त्या दिशांनी पसरतात.

चरा कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. सांध्यापाशी असेल तर अवयव सुटे केले असावेत. लांब हाडाच्या मध्यभागी असेल तर मांस सोलून काढले असावे. कवटीवर किंवा पायाच्या टोकाशी असेल तर कातडे काढले असावे. दाताची खूण चऱ्यावर चढलेली दिसली, तर माणूस आधी आला व श्वापद मागाहून, असे ठरते.

पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील त्या शेतकऱ्यांजवळ दगडी पाती विपुल होती, तांबे मात्र थोडे. अशा वस्तीत कापणारे पाते दगडाचे की धातूचे, हा प्रश्न येतो. धातूच्या सुरीचा चरा सहसा स्वच्छ, खोल व गुळगुळीत बाजूंचा असतो. संशोधक स्वतः दगडी पाती घडवून मृत जनावरे कापतात आणि त्या खुणा जुन्या खुणांशी ताडून पाहतात. तरीही धार बोथट झाली की तेच पाते निराळी खूण करते. म्हणून हत्याराचा वर्ग सांगता येतो, नेमके हत्यार क्वचितच.

ही सावधगिरी अनाठायी नव्हे. चंदीगडजवळच्या मसोल येथील हाडांवर मानवनिर्मित चरे असून ती सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीची आहेत, असा दावा भारतीय व फ्रेंच संशोधकांनी २०१६ साली केला. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कमची दगडी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांची ठरली आहेत. तेव्हा मसोलचा दावा टिकला, तर भारतातील मानवाचा इतिहास ११ लाख वर्षे मागे जाईल. परंतु ती हाडे भूपृष्ठावर मिळालेली असल्याने शंका घेतल्या गेल्या आहेत. केसाएवढ्या चऱ्यावर एवढा मोठा निष्कर्ष उभा करावयाचा, तर दात, खूर आणि वाळू यांचीही साक्ष आधी काढलीच पाहिजे.