टक्कर चुकवणारी साखळी

नागपूर स्टेशनजवळचं डायमंड क्रॉसिंग ठाऊक आहे ना? मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन मार्गांचे रूळ तिथे एकमेकांना थेट कापून जातात. वरून पूल नाही, खालून बोगदा नाही. जागा एकच, तरी टक्कर होत नाही, कारण एक गाडी पार झाल्याशिवाय दुसरीला सिग्नल मिळत नाही.

अशीच एक भांडणाची जागा मोटारीच्या इंजिनात असते, तीही प्रत्येक सिलिंडरमध्ये. खालून पिस्टन वर येतो आणि वरून वॉल्व्ह खाली उघडतात. काही हवा आत घ्यायला, काही धूर बाहेर सोडायला. पुष्कळ इंजिनांत जागा इतकी काटकसरीने वापरलेली असते, की पिस्टन पार वर आला तेव्हा वॉल्व्ह पूर्ण उघडा राहून चालतच नाही. या दोघांच्या वेळा कोण सांभाळतं? टायमिंग चेन!

पिस्टनच्या ये-जा करण्यामुळे क्रँकशाफ्ट फिरतो, आणि वॉल्व्ह उघडायचं काम कॅमशाफ्टचं. दोघांच्या दातेरी चक्रांवरून ही साखळी फिरते. कॅमच्या चक्राला दुप्पट दाते, म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होते. काऊन? तर हवा ओढणं, ती दाबणं, इंधन जाळणं आणि धूर फेकणं या चार कामांना क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० झाले. म्हणजे प्रत्येक वॉल्व्ह सेकंदात २५ वेळा उघडून मिटला. मोजून बघा बरं तोंडाने!

मग बिघडतं कुठे? मिस्त्री म्हणतात, ‘चेन लांबली.’ लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. झिजतात त्या कड्या जोडणाऱ्या बारीक पिना. समजा, साखळीत १०० सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा फक्त ०.०२ मिलिमीटर झिजला. झाली की साखळी २ मिलिमीटर लांब! ही ढिलाई ओढून धरायला टेन्शनर असतो. बऱ्याच गाड्यांत त्याला जोर मिळतो तो इंजिन ऑइलच्या दाबातून. रात्रभर गाडी उभी राहिली, की तो दाब ओसरतो. म्हणून सकाळी स्टार्टर मारल्यावर पुढून क्षणभर खडखड ऐकू आली, तर घरात सांगा. मोठी माणसं असल्या आवाजावर गाण्याचा आवाज वाढवतात.

पण हा आवाज दाबून चालत नाही, कारण ढिली साखळी एखादा दाता चुकवू शकते. क्रँकच्या चक्राला २० दाते असतील, तर एका दात्याला १८ अंशांचा फरक पडतो. गाडी अडखळते, ओढत नाही. आणखी दाते सुटले किंवा साखळी तुटलीच, तर पिस्टन उघड्या वॉल्व्हवर धाडकन आदळतो. वॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो. मग हेड उतरवा, वॉल्व्ह बदला, आणि बिल पाहून बाबांचा चेहरा पाहू नका.

यात नागपूरच्या उन्हाला उगाच शिव्या बसतात. बाहेर ४५ अंश असले, तरी इंजिनातलं पाणी एरवीही ९० अंशांच्या आसपासच तापलेलं असतं. खरा गुन्हेगार जुनं, काजळी धरलेलं ऑइल. ते पिनांना घासतं आणि टेन्शनरच्या बारीक वाटाही बुजवतं.

सगळ्याच गाड्यांत साखळी असते असंही नाही. जुन्या मारुती ८०० मध्ये रबरी पट्टा होता. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. आपल्या हिंगण्याला महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात ना, तसल्या ट्रॅक्टरच्या इंजिनांत बहुधा दातेरी चक्रंच एकमेकांत अडकवलेली असतात. आवाज जास्त, पण पक्की!

साखळीची झीज स्वतः मोजायची आहे? सायकल उभी करा आणि पट्टी घ्या. एका पिनेपासून निघून, एक सोडून एक अशी दहावी पिन गाठा, म्हणजे एकूण २० सांधे. नव्या साखळीत हे अंतर २५४ मिलिमीटर भरतं. २५६ च्या पुढे गेलं, तर साखळी बदलायला झाली. मोजताना बोट चाकापासून लांब ठेवा आणि पेडल कुणाला मारू देऊ नका.